शंभर डॉलरच्या आतली बास रील: हा माल इथवर आला कसा

बास नावाच्या माशाच्या फिशिंगसाठी स्वस्त रील, म्हणजे काठीवर बसवायची दोराची फिरकी, घ्यायची म्हटलं की अमेरिकेत पहिला आकडा निघतो तो शंभर डॉलरचा. त्याच्या आत मिळाली तर स्वस्त, दीडशेपर्यंत मधली, त्यापुढे हौसेला मोल नाही. दुसरा आकडा बॉक्सवर ठळक छापलेला असतो, 7+1, 10+1, 11+1 असलं काहीतरी, म्हणजे आत बेअरिंग किती. माझं मत आधीच सांगून टाकतो, हा दुसरा आकडा बघून रील घेऊ नका. का नको ते कळायला ही वस्तू मुळात कुणी कशासाठी बनवली आणि स्वस्त होत जाताना तिच्यातून काय काय कापलं गेलं ते बघावं लागतं.

आधी मासा. लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा, बुडालेल्या झाडांच्या आडोशाला, पाणवनस्पतीच्या कडेला दबा धरून बसणारा. आपल्याकडे गरवायला बसतात तसं आमिष टाकून वाट बघत बसायचं हे त्याच्या बाबतीत फारसं चालत नाही, नकली आमिष म्हणजे लुअर नेमक्या जागी फेकायचं, ओढून आणायचं, परत फेकायचं, दिवसभर शेकडो वेळा. त्यामुळे इथे रीलचं अर्धंअधिक काम फेकण्याचं आहे, गुंडाळणं नंतर. फेकताना स्पूल (रीलमधलं दोर गुंडाळलेलं रीळ) किती सहज सुटतो आणि किती वेळेवर आवरता येतो यातच सगळी मेख आहे.

ही गरज ओळखली केंटकीतल्या घड्याळवाल्यांनी. पॅरिस नावाचं एक गाव केंटकीत पण आहे, तिथल्या जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने 1810-20 च्या सुमारास स्वतःच्या मासेमारीसाठी गिअरवाली रील बनवली. त्याच्या मागोमाग फ्रँकफर्ट गावातले मीक बंधू आणि बेंजामिन मायलम यांनी ते काम पुढे नेलं. हँडल एकदा फिरवलं की स्पूल चार वेळा फिरायचा. पितळ किंवा जर्मन सिल्व्हरची बॉडी, हाताने कापलेले गिअर, काहींमध्ये तर घड्याळात असतात तसे खड्यांचे बेअरिंग. आज या रील लिलावात जातात, तेव्हाही त्या ऐपतवाल्यांच्याच होत्या, आणि चांगली बास रील म्हणजे घड्याळासारखं बारीक काम ही समजूत तिथूनच पडली ती आजतागायत.

पण चांगला स्पूल जितका सहज फिरतो तितका तो डोकेदुखी पण असतो. लुअर हवेत मंदावतं, स्पूल मात्र त्याच वेगाने फिरत राहतो आणि सुटलेला दोर जागच्या जागी फुगून त्याचा गुंता होतो, पतंगाची फिरकी धरणाऱ्याने ढील देताना लक्ष दिलं नाही तर मांजाचं होतं ना, अगदी तसंच. याला बॅकलॅश म्हणतात. त्यावर इलाज एकच, अंगठा. स्पूलवर अंगठा हलका टेकवून वेग मारायचा, आणि हे हातात बसायला वेळ लागायचा. 1890 च्या दशकात मिशिगनच्या कॅलमाझूतल्या विल्यम शेक्सपिअर ज्युनिअर यांनी (नाटकवाल्याशी संबंध नाही) दोर स्पूलवर एकसारखा पसरवणारी लेव्हल वाइंडची यंत्रणा आणली, 1897 मध्ये कंपनी काढली, त्याने गुंडाळणं सोपं झालं. फेकणं मात्र अंगठ्यावरच राहिलं.

मग पुढची पन्नास वर्षं स्वस्त रील कशी होती तर वाईट होती. पत्र्याची बॉडी, ढिले गिअर, आणि कास्ट करताना, म्हणजे लुअर फेकताना, हँडलसुद्धा उलटं गरगर फिरायचं, बोटावर बसलं की कळायचं. पैसा नसेल तर गुंता सोडवत बसा, असा सरळ हिशोब होता.

हा हिशोब मोडला तो दोन वेगळ्या टोकांनी आणि दोन्हीकडे परत घड्याळंच. पहिलं टोक टेक्सासमधला घड्याळ दुरुस्त करणारा आर. डी. हल. किराणा दुकानात पुडी बांधायचा दोरा एका न फिरणाऱ्या रिळाच्या टोकावरून भराभर ओढला जातोय हे बघून त्याच्या डोक्यात आलं की स्पूल फिरलाच नाही तर गुंता होईलच कशाला. कॉफीच्या डब्याचं झाकण वगैरे जोडून केलेला नमुना घेऊन तो ओक्लाहोमातल्या टल्साच्या झीरो अवर बॉम्ब कंपनीकडे गेला. ही कंपनी तेलविहिरींसाठी टायमरवाले स्फोटक बनवायची आणि तिला नवीन धंदा हवाच होता. 1949 मध्ये पहिली रील बाहेर पडली, 1954 ला झेबको 33 आली, बटण दाबा, फेका, सोडा, झालं. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना पाठवलेल्या रीलच्या पार्सलवर कंपनीचं नाव वाचून सुरक्षावाल्यांनी ते सरळ पाण्यात बुडवलं आणि म्हणून नाव बदलून झेबको केलं, असा किस्सा सांगतात. खरा किती कोण जाणे, पण अशा नावाच्या पार्सलचं दुसरं होणार काय.

दुसरं टोक स्वीडनमधल्या स्वांगस्टा गावातलं. एबीयू ही कंपनी 1921 ला निघाली ती घड्याळं आणि टॅक्सीचे मीटर करायला, नंतर रीलकडे वळली आणि 1952 मध्ये तिने अँबॅसडर 5000 आणली. लाल रंगाची, गोल, कास्ट करताना हँडल गिअरपासून सुटं होणारी, आणि आत सेंट्रिफ्यूगल ब्रेक, म्हणजे स्पूल जोरात फिरला की छोटे ठोकळे बाहेर फेकले जाऊन कडेला घासतात आणि वेग आपोआप मरतो. यातली एकही कल्पना अगदी पहिल्यांदाच आली असं नाही, पण सगळ्या एकत्र, नीट मशीनिंग करून, कारखान्यातून हजारोंनी निघाल्या ते इथेच. अंगठ्याचं अर्धं काम रीलनेच घेतलं. शिवाय त्यातले बरेच पार्ट पुढची कित्येक वर्षं जवळपास तेच राहिले, जुनी रील उघडून नवा पार्ट बसवता यायचा. टिकाऊपणाची जी अपेक्षा लोक आजही धरतात तिचं मूळ ही रील.

तोवर अमेरिकेत पाणीच वाढलं होतं. टेनेसी खोऱ्यात आणि दक्षिणेत सगळीकडे सरकारने धरणं बांधली, बुडालेल्या जंगलांचे तलाव तयार झाले, बासची चंगळ. त्या काळात अलाबामातला विमा एजंट रे स्कॉट याने 1967 च्या जूनमध्ये आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर पैशाची स्पर्धा भरवली, पुढच्याच वर्षी बासमास्टरवाल्यांची संघटना काढली, 1971 ला लेक मीडवर त्यांची पहिली क्लासिक स्पर्धा झाली. स्पर्धा आली की वेळेला किंमत आली, दिवसात कास्ट किती आणि लुअर परत किती पटकन येतं यावर लोक भांडायला लागले.

इथे नाव घ्यावं लागतं ल्यू चिल्ड्रे यांचं, अलाबामाच्या फोली गावचा माणूस. गोल रील काठीवर उंच बसते, मुठीत मावत नाही, हँडल आखूड, ही त्याची तक्रार. सत्तरच्या दशकात त्याने जपानच्या शिमानोकडून स्पीड स्पूल नावाची रील बनवून घेतली, काठीला चिकटून बसणारी, तळहातात मावणारी, हलकी. शिमानो तेव्हा मुख्यतः सायकलच्या पार्टची कंपनी, ओसाकाजवळच्या साकाईत 1921 ला निघालेली, फिशिंगचा विभाग 1970 चा. चिल्ड्रे 1977 मध्ये विमान अपघातात गेले. पुढच्याच वर्षी शिमानोने स्वतःच्या नावाने बँटम आणली.

जपानने हे नुसतं बाहेरच्यांसाठी केलं असं समजू नका. बास तिथे 1925 सालीच आशी तलावात आणून सोडला होता आणि पुढे देशभर पसरला, इतका की शेवटी तिथल्या सरकारने त्याला उपद्रवी परदेशी प्रजातींच्या यादीत टाकला. अमेरिकेतल्या जॉर्जियात 1932 ला पकडलेल्या साधारण दहा किलोच्या बासच्या विक्रमाशी 2009 मध्ये बरोबरी झाली ती बिवा तलावात. म्हणजे डिझाइन करणारा इंजिनिअर रविवारी स्वतः त्याच माशामागे असायचा. दाइवा या दुसऱ्या जपानी कंपनीचा चुंबकाने चालणारा ब्रेक, शिमानोचा स्पूल सुटा करायला अंगठ्याने दाबायचा क्लच, हे सगळं ऐंशीच्या दशकातलं. शिमानोची नव्वदच्या दशकातली हिरवी क्युराडो रील तर लोक अजून जपून ठेवतात, आणि सेकंडहँड विकायला निघाली तर लगेच उचलली जाते.

आता बेअरिंगच्या आकड्याकडे येऊ, कारण भानगड इथे सुरू होते. पूर्वी स्पूल आणि शाफ्ट पितळेच्या बुशमध्ये, म्हणजे साध्या कड्यात, फिरायचे. बॉल बेअरिंग स्वस्त झाले तसे ते वरच्या मॉडेलमध्ये आले, मग मॉडेलची पायरी ओळखायची खूण म्हणजे बेअरिंगची संख्या. तीन म्हणजे साधी, सहा म्हणजे बरी, दहा म्हणजे भारी. तो +1 म्हणजे हँडल मागे फिरू न देणारा रोलर क्लच. एकाच कंपनीच्या दोन रील शेजारी ठेवल्या तर हा हिशोब तेव्हा ठीक होता, कारण बाकीचा माल सारख्याच दर्जाचा असायचा.

मग उत्पादन कोरियात आणि चीनमध्ये गेलं. एकाच कारखान्यातून चार-पाच ब्रँडच्या रील निघायला लागल्या, सांगाडा तोच, रंग वेगळा, आतले पार्ट ज्याच्या त्याच्या बजेटप्रमाणे. जुनी नावं पण विकली गेली, शेक्सपिअर, फ्लूगर, एबीयू गार्सिया, मिचेल, पेन ही सगळी आज एकाच प्युअर फिशिंगच्या छत्राखाली आहेत. 2010 नंतर ऑनलाइन थेट विकणारे ब्रँड आले, दुकानदार मधून गेला, आणि चाळीस-पन्नास डॉलरच्या रीलवर 11+1 छापून यायला लागलं. बेअरिंग थोक भावात घेतलं तर फार पडत नाही, त्यामुळे आकडा फुगवायचा तो बेअरिंगचा, कारण गिअर कशाचा आहे ते बॉक्सवरून कुठे दिसतं.

मोठ्या कंपन्यांना खाली उतरावं लागलं. दाइवाने 2013 ला टॅटुला आणली दीडशेच्या आसपास, शिमानोने 2018 ला एसएलएक्स बरोबर शंभराला. आणि त्या एसएलएक्सवर आकडा काय, 3+1. अकरावाली पन्नासला आणि तीनवाली शंभरला, नवीन माणूस चक्रावणार नाही तर काय. पण उघडून बघितलं की उलगडा होतो. स्पूलच्या दोन टोकांना दोन चांगले बेअरिंग असले की कास्टचं मुख्य काम झालं, बाकीचे हँडलच्या गुट्ट्यांत, वर्म शाफ्टला (दोर पसरवणाऱ्या यंत्रणेच्या दांड्याला) वगैरे असतात, आणि आकडा वाढवायची सोय तिथेच असते. हँडलच्या दोन गुट्ट्यांत चार बेअरिंग घातले की 7 चे 11 झाले, तुमचं लुअर मात्र एक वीतभर पण पुढे जात नाही.

खरा पैसा जातो तो सांगाडा आणि मोठ्या गिअरमध्ये. ॲल्युमिनिअमचा सांगाडा ताणाखाली वाकत नाही, गिअरचे दात एकमेकांत सरळ बसून राहतात. ग्रॅफाइट म्हणून जे सांगतात ते असतं कार्बन मिसळलेलं प्लास्टिक, बाजूच्या झाकणाला चालतं, सांगाड्याला जरा जपूनच. दुकानात रील मुठीत धरून हँडल आडवं हलवून बघा, ढिलेपणा लगेच हाताला लागतो. मग स्पूल अंगठ्याने दाबून धरायचा आणि ड्रॅग (मासा जोरात ओढायला लागला की दोर सुटू देणारा ब्रेक) थोडा सैल करून हँडल जोर लावून फिरवायचं, दात करकरतायत किंवा सांगाडा पिळतोय असं वाटलं तर बॉक्सवर काही का लिहिलेलं असेना, ठेवून द्या. मोठा गिअर पितळेचा असेल तर जड पण टिकाऊ, ॲल्युमिनिअमचा हलका पण आधी झिजतो, जस्ताचा ओतीव असेल तर एखाददुसऱ्या सीझननंतर हँडल फिरवताना वाळू अडकल्यासारखं होतं. ड्रॅगचा आठ किलो हा आकडा पण असाच, बासला त्याच्या निम्म्यातही भागतं, दोर सुटताना झटके न देता सुटतो का ते महत्त्वाचं, आणि ते कार्बनच्या चकत्यांवर ठरतं.

आणि पार्ट. जुन्या कंपन्यांच्या रीलचा आराखडा मिळतो, स्प्रिंग मिळते, क्लच मिळतो. ऑनलाइनवाल्या बऱ्याच स्वस्त रीलचं तसं नाही, बिघडली की नवी घ्या. पन्नासची रील दोनदा घेतली की शंभर होतातच.

आपल्याकडे बास नाही, पण तलावातल्या पाणवनस्पतीवर बेडकाचं लुअर टाकून मरळ काढणारे आणि कोकणच्या खाडीत जिताड्यामागे लागणारे याच रील वापरतात, लुअर फेकायची पद्धत तीच. फक्त या रील गोड्या पाण्याच्या हिशोबाने बनलेल्या आहेत. खाडीत वापरणार असाल तर बेअरिंग गंजरोधक आहेत का ते आधी विचारा, हो म्हणाले तरी घरी आल्यावर गोड्या पाण्याने हलक्या धारेखाली धुवा (जोरात मारलं तर मीठ आत ढकललं जातं), आणि बाजूचं झाकण उघडून स्पूलच्या बेअरिंगला थेंबभर पातळ तेल द्या. जास्त तेल ओतलं तर कास्ट आखूड होते.