मुंबई-दुबई विमान पावणेदोन तासात? काहीतरीच!

आमच्या रत्नागिरीकडे गल्फला जाणारे खूप, त्यामुळे ही पुडी वर्षानुवर्षं फिरतेय की दुबईला जायला पावणेदोन तास आणि यायला सव्वाचार, का तर म्हणे पृथ्वी फिरते आणि दुबईच जवळ येते. अहो, हवा पण पृथ्वीसोबतच फिरते ना! अंतर साधारण १,९०० किमी, तिकिटावर त्या त्या गावचा लोकल टाइम छापतात आणि दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, म्हणून इथून सकाळी १० ला सुटलेलं विमान तिथल्या पावणेबाराला उतरलं तरी प्रवास सव्वातीन तासांचाच. उलट हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून जोरात येतात, त्यामुळे येतानाच अर्धा तास वाचतो; तिकिटावरचे सव्वाचार म्हणजे खरे पावणेतीन तास अधिक घड्याळातला दीड तास.