पार्श्वभूमी : लढाऊ विमान, अंतराळयान आणि मग मतपेटी

हवाई दलाचे वैमानिक आणि अंतराळवीर शुभांशू शुक्ला 15 जुलै 2025 ला पृथ्वीवर परतले आणि स्वागताचे हार सुकायच्या आत ‘आता हे कुठल्या पक्षात जाणार’ असं विचारणारे सुरू झाले. गोव्यात तर असला प्रश्न सकाळच्या भाजीपावासोबतच येतो. फुटबॉलपटू असो, डॉक्टर असो की खाणमालक, माणसाचं नाव झालं की त्याला कुठला मतदारसंघ द्यायचा यावर आपण लगेच बोलायला लागतो. प्रश्न थट्टेचा असला तरी त्याच्यामागे खरा इतिहास आहे. लढाऊ वैमानिक, मग अंतराळवीर, मग लोकप्रतिनिधी ही वाट अमेरिकेत साठ वर्षांपूर्वी पडली. ती कशी पडली हे पाहिलं की तिच्यात अंतराळाचा वाटा किती आणि वर्दीचा किती ते कळतं, आणि आपल्याकडे ती अजून का रुळली नाही तेही.

सुरुवात 1958 च्या डिसेंबरात झाली. नासा नुकतीच स्थापन झाली होती. अंतराळात माणूस पाठवायचा तर कुणाला, यासाठी आधी खुली जाहिरात देण्याचा बेत होता. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी तो मोडीत काढला आणि निवड फक्त लष्करातल्या टेस्ट पायलटांमधून, म्हणजे नवी विमानं उडवून तपासणाऱ्या वैमानिकांमधून होईल असं ठरवलं. यात शौर्याची पूजा वगैरे फारशी नव्हती, सरकारी सोय होती. या लोकांच्या फायली तयार होत्या, तब्येती तपासलेल्या होत्या, गुप्तता पाळायची सवय होती, पगार चालू होता आणि बोलावलं की ते येणार होते. वय 40 च्या आत, उंची 5 फूट 11 इंचांपर्यंत, टेस्ट पायलट स्कूलचं शिक्षण, 1,500 तासांचं उड्डाण, जेटचा अनुभव आणि पदवी, अशा अटी लागल्या. 508 फायली चाळल्या, 110 जण अटींत बसले आणि 9 एप्रिल 1959 ला सातजणांची नावं जाहीर झाली.

या एका निर्णयाने पुढचं बरंच काही ठरून गेलं. त्या काळी अमेरिकी लष्करात टेस्ट पायलट व्हायची वाट बायकांना बंद होती, त्यामुळे अंतराळाचीही बंद झाली. 1962 मध्ये यावर संसदेच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली तेव्हा, बायका या क्षेत्रात नाहीत ही आपल्या समाजव्यवस्थेची वस्तुस्थिती आहे, अशी साक्ष त्या सातांपैकी जॉन ग्लेन यांनीच दिली. पुढे डेमोक्रॅटिक पक्षाचा मोठा सिनेटर झालेल्या माणसाचं हे बोलणं आज वाचताना खटकतं.

ग्लेन स्वतः अटींच्या काठावरच होते. निवड झाली तेव्हा वय 37, आणि पदवी हातात नव्हती. महायुद्धासाठी कॉलेज अर्ध्यावर सोडलेलं. पण विमानातला अनुभव दांडगा. मरीन कोअरच्या या वैमानिकाने दुसऱ्या महायुद्धात 59 आणि कोरियात 90 लढाऊ उड्डाणं केली होती, कोरियातलं युद्ध संपता संपता तीन मिग पाडली होती. 1957 च्या जुलैत त्यांनी क्रुसेडर विमान कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्कला 3 तास 23 मिनिटांत नेलं. अंतराळात जाण्याआधीच अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांना हा चेहरा ओळखीचा होता.

20 फेब्रुवारी 1962 ला ते ‘फ्रेंडशिप 7’ मधून पृथ्वीभोवती फिरणारे पहिले अमेरिकन ठरले. तीन प्रदक्षिणा, पाच तासांना पाच मिनिटं कमी. दुसऱ्या प्रदक्षिणेत जमिनीवरच्या नियंत्रकांना एक इशारा दिसला: यानाच्या तळाचं उष्णतारोधक कवच सैल झालंय. ते निघालं तर परतताना माणसासकट सगळं जळून जाणार. कवचावर पट्ट्यांनी बांधलेला, वेग कमी करणाऱ्या रॉकेटांचा एक गठ्ठा होता. तो एरवी टाकून द्यायचा असतो. तो तसाच ठेवा, म्हणजे कवच जागेवर राहील, असं ठरलं. कारण मात्र ग्लेन यांना बराच वेळ सांगितलंच नाही. वातावरणात शिरताना खिडकीबाहेरून जळते तुकडे जात होते. ते गठ्ठ्याचे की कवचाचे, हे आत बसलेल्या माणसाला कळायला मार्ग नव्हता. शेवटी कवच ठीकच निघालं. बिघाड इशारा देणाऱ्या स्विचमध्ये होता.

(इकडे गोवा मुक्त होऊन तेव्हा दोन महिने झाले होते. 18 डिसेंबर 1961 ला भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, आणि एप्रिल 1962 मध्ये तोच विमानतळ नौदलाच्या ताब्यात गेला. त्याच्याकडे पुन्हा यायचंच आहे.)

एवढं नाव झाल्यावर निवडून येणं म्हणजे नुसती सही करण्याचं काम, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ग्लेन यांना त्यासाठी दहा वर्षं लागली. केनेडी घराण्याशी, विशेषतः रॉबर्ट केनेडींशी, त्यांचा घरोबा झाला होता. 1964 च्या जानेवारीत त्यांनी नासा सोडली आणि दुसऱ्याच दिवशी ओहायोतून सिनेटची उमेदवारी जाहीर केली. पुढच्याच महिन्यात ते बाथरूममध्ये पडले. कानाच्या आत मार बसला, तोल सांभाळता येईना, आणि उमेदवारी मागे घ्यावी लागली. तोफांच्या माऱ्यातून आणि कक्षेतून धड परतलेल्या माणसाचं पहिलं राजकारण न्हाणीघरात संपलं. मग काही वर्षं एका शीतपेय कंपनीत मोठ्या पदावर काढली.

1970 मध्ये पुन्हा प्रयत्न केला, तर पक्षांतर्गत लढतीतच हॉवर्ड मेट्झेनबॉम या उद्योजकाने त्यांना हरवलं. मेट्झेनबॉमकडे पैसा होता आणि जिल्ह्याजिल्ह्यात माणसं होती. ग्लेन यांच्याकडे नाव होतं, आणि नावावर काम भागेल अशी समजूत.

1974 मध्ये हेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. ग्लेन यांनी कधी नोकरीधंदा केला नाही, अशा अर्थाची टीका मेट्झेनबॉमच्या बाजूने झाली. क्लीव्हलंडच्या सिटी क्लबमधल्या वादसभेत ग्लेन यांनी तिला उत्तर दिलं. 23 वर्षं मरीन कोअरमध्ये काढली, दोन युद्धं पाहिली, 149 उड्डाणं केली, 12 वेळा विमानाला तोफेचा मार लागला. तिथे आपलं चेकबुक नव्हे, जीव पणाला होता, असं ते म्हणाले. मग त्यांनी प्रतिस्पर्ध्याला जायला सांगितलं ते जखमी सैनिकांच्या रुग्णालयात, मुलगा गमावलेल्या आईकडे आणि आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत: तिथे जाऊन सांगा की या लोकांनी नोकरी केली नाही. ती लढत ग्लेन जिंकले आणि पुढे सिनेटवरही गेले. त्या भाषणात अंतराळाच्या वाट्याला थोडंच आलंय. बाकी बहुतेक रणांगण. मला हा या सगळ्या इतिहासातला कळीचा प्रसंग वाटतो. अंतराळाने माणूस घराघरात पोचवला, पण मत मिळवून दिलं ते वर्दीने, आणि तेही दोनदा तोंडावर पडल्यावर.

ग्लेन 1999 पर्यंत सिनेटमध्ये राहिले. 1984 साठी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागितली. ती मोहीम फसली आणि कर्जाचं ओझं तेवढं मागे उरलं. सिनेटमधलं त्यांचं खरं काम अण्वस्त्रप्रसार रोखण्याचं. इथे हा लांबचा वाटणारा माणूस थेट आपल्या दारात येतो. 1994 मध्ये त्यांच्या पुढाकाराने अमेरिकी कायद्यात दुरुस्ती झाली: अण्वस्त्रधारी नसलेल्या देशाने अणुचाचणी केली की त्याच्यावर निर्बंध लादणं राष्ट्राध्यक्षांना भागच. ‘ग्लेन अमेंडमेंट’ म्हणून ती ओळखली जाते. 1998 च्या मे महिन्यात पोखरणला चाचण्या झाल्या आणि क्लिंटन यांनी 13 मे रोजी त्याच कलमाखाली भारतावर निर्बंध लावले. नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरांचे सुटे भाग अडकले. हलक्या लढाऊ विमानाच्या, म्हणजे पुढच्या तेजसच्या, उड्डाण नियंत्रण प्रणालीवर अमेरिकेत काम करणाऱ्या भारतीय अभियंत्यांना परतावं लागलं. उरलेलं काम बंगळूरला आपल्याच लोकांनी पुरं केलं. आणि त्याच वर्षी 29 ऑक्टोबरला, वयाच्या 77 व्या वर्षी, ग्लेन ‘डिस्कव्हरी’तून पुन्हा अंतराळात गेले. त्या तेजसची नौदल आवृत्ती 13 सप्टेंबर 2019 ला दाबोळीच्या ‘आयएनएस हंसा’ तळावरच्या चाचणी धावपट्टीवर, विमानाला पकडून झटकन थांबवणाऱ्या अडकतारेच्या साहाय्याने पहिल्यांदा उतरली.

ग्लेन यांच्यामागून गेलेल्यांचा हिशेब संमिश्र आहे. अपोलो 13 चे जॅक स्वायगर्ट, मूळचे हवाई दलाचे वैमानिक, 1982 मध्ये कोलोराडोतून निवडून आले, पण शपथ घेण्यापूर्वीच 27 डिसेंबरला कर्करोगाने गेले. चंद्रावर चाललेले हॅरिसन श्मिट भूगर्भशास्त्रज्ञ. 1976 मध्ये न्यू मेक्सिकोतून सिनेटवर गेले आणि सहा वर्षांनी पडले. विरोधकांचा प्रश्न साधा होता: या माणसाने पृथ्वीवर तुमच्यासाठी अलीकडे काय केलंय? आखाती युद्धात 39 उड्डाणं केलेले नौदल वैमानिक मार्क केली यांची गोष्ट निराळी. पत्नी गॅब्रिएल गिफर्ड्स संसद सदस्य होत्या. 2011 च्या जानेवारीत त्यांच्यावर गोळीबार झाला. केली यांनी त्याच वर्षी नासा सोडली, बंदूक नियंत्रणाच्या चळवळीत उतरले आणि 2020 मध्ये ॲरिझोनातून सिनेटवर निवडून आले. जॉन मॅकेन यांची ती जागा. तेही नौदलाचेच वैमानिक.

सोव्हिएत संघानेही पहिले वीस अंतराळवीर हवाई दलातूनच उचलले. गागारिन 1962 मध्ये सर्वोच्च सोव्हिएतचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, सदस्य झाले, पण तिथे प्रतिस्पर्धीच नसायचा, तेव्हा त्याला निवडणूक म्हणणं जड जातं. पोर्तुगीज भाषेमुळे गोव्याला जुना परिचय असलेल्या ब्राझीलचं उदाहरण जास्त बोलकं आहे. हवाई दलाचे टेस्ट पायलट मार्कोस पोंतेस 2006 मध्ये सोयुझ या रशियन यानातून अंतराळात गेले, 2014 ची निवडणूक हरले, 2019 मध्ये बोल्सोनारो यांच्या सरकारात विज्ञानमंत्री झाले आणि 2022 मध्ये साओ पाउलोतून सिनेटर.

आता आपल्याकडे. राकेश शर्मा मिग-21 चे वैमानिक. 1971 च्या युद्धात 21 उड्डाणं, मग टेस्ट पायलट, आणि 3 एप्रिल 1984 ला सोयुझ टी-11. म्हणजे ग्लेन यांच्यासारखीच कारकीर्द. शिवाय वर्ष कुठलं? त्याच डिसेंबरात लोकसभा निवडणूक झाली आणि काँग्रेसने अलाहाबादेत अमिताभ बच्चन, मुंबईत सुनील दत्त, मद्रासेत वैजयंतीमाला अशी नावाजलेली माणसं उभी केली. ‘सारे जहाँ से अच्छा’ म्हणणारा माणूस त्या यादीत नव्हता. ते सेवेतले अधिकारी होते, आणि सेवेत असताना राजकारणात भाग घ्यायला हवाई दलाचे नियम मनाई करतात. 1987 मध्ये विंग कमांडर म्हणून बाहेर पडल्यावरही त्यांनी नाशिकजवळचं ओझर गाठलं, हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे मुख्य टेस्ट पायलट म्हणून. तिथून बंगळूर, आणि निवृत्तीनंतर कुन्नूर. राजकारणात उतरावं असं त्यांना वाटलेलं दिसत नाही.

वर्दीतून राजकारणात येणं मात्र आपल्याला नवीन नाही. राजेश पायलट हवाई दल सोडून 1980 मध्ये भरतपूरहून लोकसभेत गेले. पुण्याचे सुरेश कलमाडी हवाई दलाचेच वैमानिक. माजी हवाई दलप्रमुख भदौरिया 2024 मध्ये भाजपमध्ये गेले. यांना अंतराळाची गरज पडली नाही.

गोव्यात नौदल डोक्यावरून रोज उडतं. बोगमाळ्याच्या वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, सी हॅरियरचा तळ दाबोळीला होता, आणि सकाळच्या सरावासाठी नागरी विमानांच्या वेळांवर मर्यादा हा आमच्याकडे वर्षानुवर्षं वादाचा विषय. नौदलाने दाबोळी सोडावं की नाही यावर निवडणुकीत भाषणं झाली आहेत. पण विमान उडवणारा अधिकारी बदलीवर येतो आणि बदलीवर जातो. चिखलीतल्या मतदाराला तो शेजारी वाटतो, आपला माणूस वाटत नाही. नौदलातून निवृत्त झालेले कॅप्टन विरियातो फर्नांडिस हे मूळचे इथलेच. 2022 मध्ये ते याच दाबोळी मतदारसंघातून विधानसभेला उभे राहिले आणि हरले, 2024 मध्ये दक्षिण गोव्यातून काँग्रेसचे खासदार झाले. मधल्या काळात त्यांना लोकांनी पाहिलं ते कोळशाच्या आणि रेल्वे दुपदरीकरणाच्या आंदोलनात. कारगिलचा उल्लेख पत्रकावर होताच, पण रस्त्यावरची हजेरी जास्त मोजली गेली असावी. विधानसभेचा आमचा एक मतदारसंघ सरासरी 30 हजार मतदारांच्या आतबाहेरचा. इथे उमेदवाराने जत्रेला, फेस्ताला आणि मयताला यावं लागतं. कक्षेतून आलेल्यालाही त्यातून सूट मिळेल असं वाटत नाही.

गगनयान या भारताच्या मानवी अंतराळ मोहिमेसाठी 27 फेब्रुवारी 2024 ला जाहीर झालेले प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुक्ला हे चौघे हवाई दलाचे टेस्ट पायलट आहेत. आयझेनहॉवरची चाळणी आपणही तशीच वापरली. शुक्ला 2006 मध्ये हवाई दलात दाखल झाले. अधिकाऱ्याला पेन्शन 20 वर्षांच्या सेवेनंतर लागू होते, आणि वर्दी उतरवल्यावर निवडणूक लढवायला कायद्याची आडकाठी नाही.