साई कुंगचे दगडी खांब: हाँगकाँगला निघण्यापूर्वी वाचावे असे

हाँगकाँगच्या पूर्वेला साई कुंग भागात सुमारे 14 कोटी वर्षांपूर्वी एका महाज्वालामुखीचा उद्रेक झाला. तो कधीच विझला, त्यामुळे धूर किंवा विवर बघायला मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. ज्वालामुखीचे तोंड खचून झालेल्या खळग्यात तापलेल्या राखेचा जाड थर साचला. तो सावकाश निवताना आकसला, तडकला आणि त्याचे सहा बाजूंचे खांब झाले, एकेक सरासरी 1.2 मीटर जाड. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिलवर असेच खांब आहेत, पण ते लाव्हा थिजून झालेल्या काळ्या बेसॉल्टचे. साई कुंगचा खडक सिलिका (वाळूतला मुख्य घटक) जास्त असलेल्या राखेचा, म्हणून फिकट.

खांब अगदी हाताशी येतात ते हाय आयलंड जलाशयाच्या ईस्ट डॅमपाशी. धरणाखालच्या वाटेवर काही खांब मधेच इंग्रजी एस अक्षरासारखे वाकलेले दिसतील. खडक पुरता घट्ट होण्याआधीच तो सरकला, त्याची ही खूण. शेजारचा गडद पट्टा म्हणजे नंतर भेगेत घुसलेला बेसॉल्ट. बहुतेक जण समुद्राकडचे काँक्रीटचे ठोकळे बघत पुढे जातात आणि नेमके हेच राहून जाते.

डायमंड हिल स्टेशनवरून 92 नंबरच्या बसने साई कुंग, तिथून 94 ने पाक ताम चुंग. पुढे खाजगी गाडीला परवाना लागतो, टॅक्सी मात्र जाते. 9ए मिनीबसही आहे. तिचे वेळापत्रक आदल्या दिवशी बघून घ्या. मिनीबसमध्ये उभ्याने प्रवास चालत नाही, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी मोठी रांग लागते. खरी पंचाईत परतीचीच: धरणावर रिकामी टॅक्सी सहसा मिळत नाही. चालत परतायचे तर पाक ताम चुंगपर्यंत साधारण 9 किलोमीटर, तेही बहुतांश उन्हातून. दुपारी तीनच्या आत परत फिरा. वर दुकान नाही. माणशी दीड-दोन लिटर पाणी सोबत हवे. ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. उन्हाळ्यात वादळाचा इशारा असेल तर बेत रद्दच करावा.

कागदपत्रे: भारतीय पासपोर्टवर 14 दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी ऑनलाइन पूर्वनोंदणी सक्तीची आहे. ती मोफत असते आणि सहा महिने चालते. नाव पासपोर्टवर आहे तसेच, अक्षर न् अक्षर भरा. नोंदणीची पावती ए-फोर कागदावर छापून सही करून जवळ ठेवा. पासपोर्ट नवा काढला असेल तर जुनी नोंदणी चालत नाही. शेनझेनला जायचे असल्यास चीनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.