पिंजऱ्यात न थांबणारा पाऊस

माणसाचा हात लागलेल्या चिमणीला बाकीच्या चिमण्या टोचून मारतात, असे आपल्याकडे लहानपणापासून ऐकवले जाते. झेब्रा फिंच हा पिंजऱ्यात पाळला जाणारा छोटा पक्षी पाळणारी मंडळीही पिल्लाच्या पाठीवरची पिसे उपटलेली दिसली की घरट्यासाठी ठेवलेले मडके साफ करताना लागलेल्या हाताला दोष देतात. प्रत्यक्षात प्रयोगशाळांमध्ये याच जातीची पिल्ले उचलून, वजन करून घरट्यात परत ठेवली जातात आणि आईबाप त्यांना पूर्ववत भरवतात.

खरे कारण या पक्ष्याच्या मायदेशात आहे. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात पावसाचा नेम नसल्यामुळे, केवळ दिवस मोठा झाल्यावर विणीला लागणाऱ्या पक्ष्यांप्रमाणे झेब्रा फिंचला आपली जननग्रंथी वर्षातील बराच काळ आक्रसून ठेवणे परवडत नाही. ती जवळजवळ सज्जच असते, आणि पावसानंतर गवताला बी धरले की जोडी लगेच घरट्याच्या कामाला लागते. पिंजऱ्यात राळे आणि पाणी रोज मिळते, म्हणजे तिथे तो पाऊस थांबतच नाही.

अंडी साधारण १३ दिवसांत फुटतात आणि १८ ते २१ दिवसांची पिल्ले मडक्याबाहेर येतात. परंतु त्यानंतरही सुमारे दोन आठवडे त्यांना आईबापच भरवतात, आणि नेमकी याच काळात मादी पुन्हा अंडी घालू लागते. रानात पिल्ले थव्यात मिसळतात. पिंजऱ्यात ती रात्री त्याच मडक्यात, नव्या अंड्यांवर जाऊन बसतात आणि आईबापांकडून टोचली जातात. शिवाय पाठीची पिसे नेहमी रागानेच उपटली जातात असे नाही: नव्या घरट्याला मऊ अस्तर हवे असते आणि सर्वांत जवळची पिसे पिल्लाच्या अंगावर असतात! बापाला क्रूर ठरवण्याची घाई म्हणूनच मला पटत नाही.

पिल्ले बाहेर झोपू लागताच मडके काढून घ्यावे. दुसरी वीण सुरूच झाली असेल, तर अस्तरासाठी मऊ गवत आणि स्वच्छ पिसे पुरवावीत. पिल्ले सुमारे ३५ दिवसांची होऊन स्वतः दाणे सोलू लागली, त्यांच्या काळ्या चोचीवर नारिंगी छटा दिसू लागली, की त्यांना वेगळे करावे. त्यांच्यासोबत एखादा शांत प्रौढ नर मात्र असावा, कारण नर पिल्लू आपले गाणे साधारण २५ ते ६५ दिवसांच्या वयात मोठ्या नराचे ऐकूनच शिकते.