छपाईची फाइल : डिझायनरकडे आलेलं काम

1985 मध्ये पेजमेकर हे संगणकावर पानं मांडायचं सॉफ्टवेअर आलं, तोवर पुस्तकाच्या कामात ग्राफिक डिझायनरची हद्द आर्टवर्कपाशी (छपाईसाठी हाताने तयार केलेल्या मूळ प्रतीपाशी) संपायची. खिळ्यांच्या (धातूच्या सुट्या अक्षरांच्या) काळात आतली पानं खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याची आणि डिझायनरला बहुधा मुखपृष्ठच मिळे. प्लेटवरून छापणाऱ्या ऑफसेटमध्ये ब्रोमाइड (फोटो-कागदावर उमटवलेला मजकूर) कापून चिकटवायचे, क्रॉपमार्क (कागद कुठे कापायचा त्या खुणा) काढायचे, वरच्या बटर पेपरवर रंगाच्या सूचना लिहायच्या. पुढचं सगळं कॅमेरा आणि स्कॅनर विभागाचं. रंग वेगळे करणारा स्कॅनर ऑपरेटर शाई आणि कागद दोन्ही ओळखून असे.

डीटीपीने (संगणकावर पानं तयार करण्याने) ही मधली माणसं हटवली, त्यांची कामं मात्र डिझायनरच्या गळ्यात पडली. कण्याची रुंदी काढणं (240 पानं म्हणजे 120 पत्रं, कागद 0.1 मिमी जाड असेल तर 12 मिमी), 3 मिमी ब्लीड (कापण्याच्या रेषेबाहेर जाणारा जादा रंग) सोडणं, फॉन्ट एम्बेड करणं (फाइलमध्येच भरणं) हे चटकन शिकता आलं. वाद पेटला तो रंगावरून: पडद्यावरच्या आरजीबीचं (लाल-हिरवा-निळा) छपाईच्या चार शायांचं सीएमवायके (सायन-मॅजेंटा-पिवळा-काळा) कोणी आणि कधी करायचं?

छपाईच्या फाइल कशा असाव्यात हे सांगणाऱ्या 2001 च्या पीडीएफ/एक्स-1ए मानकाने आरजीबीला फाइलमध्ये जागाच ठेवली नाही. सीएमवायके आणि स्पॉट रंग (वेगळ्या तयार शाईचे) तेवढे चालतील. छापखाने खूश झाले. पण पुष्कळदा फाइल तयार होते तेव्हा कागदच ठरलेला नसतो. आर्टपेपरवर चारही शाया मिळून (प्रत्येकीचे जास्तीत जास्त 100 धरून) 300 टक्क्यांपर्यंत खपतात, न्यूजप्रिंटवर 240 च्या आसपासच. आर्टपेपरसाठी केलेली फाइल तिथे गेली की शाई वाळत नाही, मागच्या पानाला लागते, चित्रातले गडद भाग भरून जातात. पुढे एक्स-3 ने आणि 2008 च्या एक्स-4 ने प्रोफाइलसह (रंग नेमका कसा दिसावा ते सांगणाऱ्या माहितीसह) आरजीबी चालवून घेतलं. रूपांतर कागद ठरल्यावर, छापखान्यात करता येऊ लागलं. तर्काला हेच धरून आहे. तरीही एक्स-1ए चा आग्रह सुटला नाही, कारण रंग बिघडला की ‘फाइलच तशी होती’ म्हणायची सोय त्यात आहे.

काळ्या मजकुरातही हीच गफलत होते. आरजीबी काळा आपोआप बदलला की 75-68-67-90 (टक्के, सीएमवायकेच्या क्रमाने) असा चार शायांचा होऊ शकतो. मग छापताना एक रंग 0.1 मिमी सरकला, तरी 9 पॉइंटच्या शिरोरेषेला गुलाबी किंवा निळी किनार येते. मजकूर नुसत्या 100 टक्के काळ्यात, ओव्हरप्रिंट लावून (खालच्या रंगावरच छापला जाईल असा) हवा. तपासणी सोपी आहे: इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या सेपरेशन प्रिव्ह्यूमध्ये (जिथे प्रत्येक शाई वेगळी पाहता येते) काळी प्लेट बंद करायची, अक्षरं तरीही दिसत असतील तर फाइल परत दुरुस्तीला.

ईपबने (ई-पुस्तकाच्या फाइलच्या प्रकाराने) हद्द पुन्हा हलवली. वाचक अक्षरं लहानमोठी करतो, त्यामुळे पानाची ठरलेली मांडणी टिकत नाही आणि स्टाइलच्या शिस्तीला महत्त्व येतं. पॅराग्राफ स्टाइल (मथळा, मजकूर अशी ठरवून दिलेली नावं) न लावता नुसता टाइप मोठा करून केलेला मथळा ईपबमध्ये साधा परिच्छेद ठरतो, आणि स्टाइलवरून बनणाऱ्या अनुक्रमणिकेत ते प्रकरण येतच नाही.