मानसशास्त्र संघटना, व्यावसायिक : नेतृत्व व समाजबांधणी (बडोदे)

मानसशास्त्राचे अध्यापन, संशोधन, समुपदेशन व उपचार करणाऱ्यांनी व्यवसायाची शिस्त, परस्परसाहाय्य आणि ज्ञानविनिमय यांसाठी स्थापन केलेली संस्था. अशा संस्थेचे नेतृत्व कसे घडते व सभासदांत आपलेपणा कशाने रुजतो, याचा विचार येथे मुख्यतः बडोद्याच्या संदर्भात केला आहे.

उगम : अमेरिकेतील संघटना १८९२ मध्ये क्लार्क विद्यापीठात ग्रॅनव्हिल स्टॅन्ली हॉल यांच्या पुढाकाराने, तर ब्रिटनमधील १९०१ मध्ये स्थापन झाली. भारताविषयी मतभेद आहेत. कलकत्ता विद्यापीठात १९१५-१६ च्या सुमारास नरेंद्रनाथ सेनगुप्त यांनी प्रयोगशाळा उभारली. भारतीय मानसशास्त्र संघटनेची स्थापना बहुतेक अभ्यासक १९२४ ची मानतात. काही १९२५ देतात. तिचे नियतकालिक १९२५ मध्ये सुरू झाले की १९२६ मध्ये, याबाबतही एकमत नाही. गिरींद्रशेखर बोस यांची मनोविश्लेषण संस्था मात्र १९२२ मधील आहे, त्यामुळे ‘पहिली’ कोणती हे संघटना कशाला म्हणावे यावर ठरते. १९२४ ची संस्था साऱ्या शाखांना खुली होती, म्हणून व्यापक अर्थाने तिलाच अग्रमान देणे अधिक सयुक्तिक वाटते. या दोन संस्थांतून नेतृत्वाच्या दोन तऱ्हाही दिसतात : एका गुरूभोवती प्रशिक्षणातून जमलेले मंडळ आणि विद्यापीठीय पदांच्या आधाराने वाढलेली सभा. पुढील संस्थांत या दोन्ही तऱ्हा मिसळलेल्या आढळतात. त्यांपैकी उपयोजित मानसशास्त्राची अकादमी १९६२ ची, चिकित्सामानसशास्त्रज्ञांची संघटना १९६८ ची व मानसशास्त्राची राष्ट्रीय अकादमी १९८९ ची आहे.

बडोद्याची पार्श्वभूमी : संस्थानकाळी येथील मराठी नोकरदारवर्गाला मंडळी काढून चालवण्याचा सराव होता. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने १८८९ मध्ये निघालेली ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ ही देशातील पहिली सहकारी पतसंस्था मानली जाते. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ चा असल्याने हे श्रेय कायद्याच्या नव्हे, व्यवहाराच्या अर्थाने घ्यावे लागते. मानसशास्त्राशी तिचा थेट संबंध नाही. परंतु वर्गणी, हिशेब आणि वार्षिक सभा यांवर विश्वास ठेवणारी माणसे अशा मंडळ्यांतून तयार झाली, ही गोष्ट संघटनाबांधणीच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये.

महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले. तेथे मानसशास्त्र हा विषय शिक्षणशास्त्रासह एकाच विद्याशाखेत आहे. साहजिकच त्याला शिक्षक-प्रशिक्षणाचा शेजार लाभला. बालविकासाचा अभ्यास गृहविज्ञानाकडे, समाजकार्य स्वतंत्र विद्याशाखेकडे व मनोविकारशास्त्र वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेले. शिवाय कारेलीबागेत सरकारी मनोरुग्णालय आहे. एकाच प्रकारच्या दुःखाशी काम करणारी माणसे अशी चार-पाच दारांआड विभागली गेल्याने येथील नेतृत्वाचे पहिले काम भाषणाचे नसून गाठी घालून देण्याचे आहे.

घटना व पदे : १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान सात व्यक्तींना संस्था काढता येते, वार्षिक सभेनंतर १४ दिवसांच्या आत कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे द्यावी लागते. अध्यक्षपद बहुधा ज्येष्ठ प्राध्यापकाकडे जाते, पण सभासदांशी नित्य संबंध राहतो तो चिटणीसाचा. नवागताला पहिला फोन कोण करतो, परगावहून बदलून आलेल्या समुपदेशकाला कोणाकडे पाठवायचे हे कोणाला ठाऊक आहे, यांवर संघटनेची धारणा अवलंबून असते. चिटणीस कुचकामी असला तर नामवंत अध्यक्षही तिला सावरू शकत नाही.

सिद्धांत : समुदायभावनेचे मॅकमिलन व चेव्हिस यांनी १९८६ मध्ये चार घटक सांगितले : सभासदत्व, प्रभाव, गरजांची पूर्ती आणि सामायिक भावबंध. यांतील ‘प्रभाव’ दुहेरी आहे. संघटना सभासदाला वळण लावते, तसे सभासदाचे म्हणणेही तिला वळवू शकले पाहिजे. व्यावसायिक संघटनांत हाच घटक सर्वांत उपेक्षित राहतो. जय बी. पी. सिन्हा यांनी १९८० मध्ये मांडलेले पोषक-कार्याभिमुख नेतृत्व भारतीय परिस्थितीला अधिक जवळचे वाटते : नेता माया करतो, पण ती काम झाल्यावर. सहकारी परिपक्व होतील तसा त्याने सहभागी पद्धतीकडे वळावे, हा त्या मांडणीचा आवश्यक भाग आहे. तो गाळल्यास मागे केवळ गुरुभक्ती उरते.

सभासदांची प्रतवारी : पुनर्वसनाच्या क्षेत्रातील व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्यामुळे चिकित्सामानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) नोंदणीकृत ठरले, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात त्यांची व्याख्या आली. शालेय समुपदेशकांना तसा दर्जा नाही. या भेदाचे रूपांतर मानापमानात होऊ न देणे ही नेतृत्वाची खरी कसोटी होय. नोंदणी नसलेल्याला मतदानाचा हक्क द्यावा, मात्र उपचाराचा दावा करू देऊ नये, ही भूमिका न्याय्य आहे.

रुग्णचर्चा : एखाद्या रुग्णाची हकिगत सभासदांपुढे मांडून तीवर विचार करणे, हे सभासदांना जवळ आणणारे सर्वांत प्रभावी साधन. दांडिया बाजार, रावपुरा यांसारख्या जुन्या वस्त्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखतात. नाव बदलूनही व्यवसाय, आडनावाची ठेवण किंवा वाडा यांवरून माणूस कळू शकतो. म्हणून चर्चेपूर्वी असे सर्व तपशील बदलणे, तसेच ओळख पटताच श्रोत्याने सांगून उठून जाणे आवश्यक ठरते. घरी मराठी, बाहेर गुजराती व अहवालात इंग्रजी अशी सवय असल्याने रुग्णाचे शब्द ज्या भाषेत आले त्याच भाषेत आधी वाचावेत. अर्थ नंतर लावावा.

औद्योगिक मानसशास्त्रज्ञ : कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागांत काम करणारे हे सभासद रुग्णचर्चेला क्वचित येतात, निवडचाचण्यांच्या नैतिक वापरावर सत्र ठेवल्यास त्यांचा सहभाग मिळू शकतो.