मणक्याचं ऑपरेशन झालं, घरी कधी सोडायचं?

मणक्याचं ठरवून केलेलं ऑपरेशन पार पडलं की नातेवाईक विचारतात, डिस्चार्ज कधी? सरकलेल्या गादीचा तुकडा काढला असेल तर पेशंट बऱ्याचदा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. स्क्रू आणि रॉड घालून मणके जोडले असतील तर काही दिवस लागतात. पण माझ्या मते आधी विचारायला हवं ते हे, की कोणता धोका कधी उद्भवतो?

आत रक्त साचण्याचा धोका सुरुवातीच्या तासांत जास्त. मानेचं ऑपरेशन पुढच्या बाजूने केलं असेल तर साचलेलं रक्त श्वासनलिका दाबू शकतं. हे क्वचितच घडतं, पण जिवावर बेततं आणि बहुतेकदा पहिल्या 24 तासांतच. कमरेत मज्जातंतूंवर दाब आला तर पायातली ताकद जाते, जांघेत बधिरपणा येतो, लघवी अडकते. अशा वेळी लगेच पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. नर्स झोपेतून उठवून पायाचा अंगठा वर ओढायला लावते, ती याचसाठी.

जखमेतला जंतुसंसर्ग मात्र सहसा दोन-चार आठवड्यांनी दिसतो. तोवर पेशंट घरीच असतो, त्यामुळे दोन दिवस जादा ठेवून तो सापडत नाही. उलट पडून राहिल्याने स्नायू झिजतात, पायाच्या शिरांत गुठळ्या होऊ शकतात आणि रुग्णालयात म्हातारी माणसं कधीकधी भ्रमिष्टासारखी वागू लागतात.

मग लवकर सोडलेलं बरं? आकडेवारीत लवकर घरी गेलेल्यांची प्रकृती बहुधा चांगली दिसते, पण इथे फसायला होतं. तरुण, मधुमेह नसलेले, छोटं ऑपरेशन झालेले पेशंटच आधी सोडले जातात. म्हणजे ते मुळातच बरे होते, म्हणून लवकर सुटले.

1990च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी आतड्याच्या ऑपरेशनांसाठी वेगळी पद्धत रुजवली: आधीपासून तयारी, अफूजन्य वेदनाशामकं कमी, लवकर जेवण, लवकर चालणं. आता ती मणक्यासाठीही वापरतात. त्यात मुक्काम आपोआप कमी होतो, कारण पेशंट खरोखरच लवकर सावरतो.

घरी निघण्यापूर्वी गोळ्यांवर दुखणं आटोक्यात हवं, कॅथेटर काढल्यावर लघवी नीट व्हायला हवी, जखम कोरडी हवी, जिना चढता यायला हवा. घरी सोबतीला कुणी आहे का, हेही पाहावं. नंतर ताप आला, जखमेतून पाणी आलं किंवा पोटरी सुजली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. लघवी अडकली किंवा पाय लुळा पडू लागला तर फोनवर वेळ घालवू नका, थेट रुग्णालय गाठा.